पत्ता द्या, खातं घ्या

जुलै-ऑगस्ट आला की कोथरूडपासून पिंपळे सौदागरपर्यंत घराघरांत वजनकाटे बाहेर निघतात. परदेशी शिकायला निघालेल्या पोरीची बॅग तेवीस किलोत बसते का, हे तीन-तीनदा पाहिलं जातं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, छोटा कुकर, त्याची जादा रिंग. दोन-दोन महिने तयारी चालते आणि या सगळ्या धांदलीत एक साधा प्रश्न राहून जातो. पोरीचा पहिला पगार कोणत्या खात्यात जमा होणार?

कारण पोरगी नुसती शिकायला निघालेली नाही, कामालाही निघाली आहे. कर्ज काढून गेलेली कितीतरी मुलं ग्रंथालयात, कॅन्टीनमध्ये, गोदामात किंवा एखाद्या कंपनीत अर्धवेळ राबतात. अमेरिकेत २०२३-२४ या वर्षात ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. जर्मनीत त्याच वर्षाच्या हिवाळी सत्रात ४९ हजारांहून अधिक. जर्मनीने मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा दिली. आधी ती १२० दिवसांची होती. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही सहसा विद्यापीठाच्या आवारात. हे घरच्यांना माहीत असतं. तरी नातेवाइकांना ‘एमएस करतेय’ एवढंच सांगतात. ती भांडी घासते, खोकी उचलते, हे कुणी तोंडाबाहेर काढत नाही.

ही लाज महाराष्ट्राला शोभत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ती श्रमाच्या पायावर. पुणे विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना आजही त्यांच्याच नावाने चालते आणि खेड्यापाड्यांतून आलेली मुलं तिच्या आधारावर शिकतात. जे काम या विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात मानाचं, ते म्युनिकमध्ये लाजेचं कसं? लाजेपायी आपण कामाबद्दल बोलत नाही, म्हणून पगाराबद्दल बोलत नाही, म्हणून खात्याबद्दलही बोलत नाही. याची किंमत मोजते ती पोरगी, परक्या गावात, एकटी.

जर्मनीचंच घेऊ, कारण पुण्यातून तिकडे रीघ लागली आहे. बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकून मुलं तिथे जातात. व्हिसासाठी खर्चाची सोय दाखवावी लागते आणि त्यासाठी बहुतेक जण ‘ब्लॉक्ड अकाउंट’ काढतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात ११,९०४ युरो आगाऊ भरावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा. जवळपास बारा लाख झाले. त्यासाठी एफडी मोडतात, फ्लॅट गहाण पडतो, आजीच्या पाटल्या कपाटातून बाहेर येतात. एवढं करून हे पैसे पोरीच्या हातात थेट येत नाहीत. महिन्याला ९९२ युरो सुटतात, आणि ते सुटतात तिने तिथे उघडलेल्या दुसऱ्या, रोजच्या व्यवहाराच्या चालू खात्यात. ते खातं उघडेपर्यंत बारा लाख नुसते स्क्रीनवर दिसतात. पाव-दूध घ्यायचं ते बाबांनी भरून दिलेल्या फॉरेक्स कार्डावर.

या दुसऱ्या खात्यापाशीच घोडं पेंड खातं. बँक म्हणते, पत्ता नोंदवल्याचा दाखला आणा. नोंदणी कार्यालय म्हणतं, घरमालकाचा लेखी दाखला आणा. जर्मन कायद्याने राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो आणि घरमालकाला तो दाखला द्यावाच लागतो. पण महिना-दोन महिन्यांसाठी खोली देणारे कितीतरी जण सही द्यायला का-कू करतात. कायमची खोली देणारा अनामत मागतो, ती तिथल्या खात्यातून. खातं नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून खातं नाही, आणि दोन्ही नाही म्हणून कामाच्या ठिकाणी पगाराचा फॉर्म अर्धा कोरा.

त्यातून कसाबसा अर्ज भरला, तरी पुढे टपालपेटी आहे. जर्मनीत पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर लिहीत नाहीत. टपाल आडनावावर येतं. पेटीवर आणि बेलवर आडनाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी. पगारासाठी लागणारा अकरा आकडी करक्रमांक तिसऱ्या पाकिटात. फ्लॅटमध्ये आधीच तिघी राहत असतात, पेटीवर त्या तिघींची नावं असतात, आणि नव्याने आलेल्या मुलीचं ‘कुलकर्णी’ कुठेच नसतं. तीनही पाकिटं आली तशी माघारी. मुलगी रोज जिन्यात उतरून पेटी उघडते, पुण्यात आई देवापुढे दिवा लावते, आणि सगळा अडथळा असतो बोटभर कागदाचा नि चिकटपट्टीचा. म्हणून किल्ली हातात पडली की पेटीवर नाव चिकटवा. बॅग नंतर उघडा.

यातलं काहीच गुपित नाही. मग हे आधी कुणी का सांगत नाही? डेक्कनपासून बाणेरपर्यंत परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांच्या पाट्या लागल्या आहेत. विद्यापीठाची निवड, अर्ज, विमा, ब्लॉक्ड अकाउंट, विमानाचं तिकीट, सगळ्याचं पॅकेज मिळतं. मुलगी विमानात बसली की बहुतेकांची यादी संपते. खरी गरज तिथून सुरू होते. पालक लाखभर रुपये मोजत असतील तर त्यांनी पहिल्या भेटीतच विचारावं: उतरल्यानंतरच्या तीस दिवसांचं काय? उत्तर नसेल तर खुर्चीवरून उठावं.

कर्ज देणाऱ्या बँकांचीही तीच तऱ्हा. सोसायटीचा दाखला, जामीनदाराची विवरणपत्रं, घराचे मूळ कागद, सगळं भिंगाखाली घालतात. हे कर्ज फिटणार कशातून? पोरीच्या कमाईतून. ती कमाई कुठे जमा होईल आणि तिथून हप्ता इकडे कसा येईल, याचा एक कागद त्या जाड फायलीत नसतो. कर्जाच्या मंजुरीपत्राबरोबर त्या देशातल्या खात्याची माहिती देणारं एक पान जोडायला बँकेला काहीही खर्च नाही. इच्छा हवी.

आता हक्काचं बोलू, कारण तोच आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. युरोपीय संघाने २०१४ मध्ये निर्देश काढला, की संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत खातं मिळालं पाहिजे. जर्मनीने २०१६ मध्ये त्याचा कायदा केला. कायमचा पत्ता नसलेल्यालाही, आश्रय मागायला आलेल्यालाही हे खातं मिळतं. रीतसर अर्ज आला की दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने खात्याचा करार पुढे करायचा, नाही तर नकार लेखी कळवायचा. नकार पटला नाही तर बाफिन या वित्तीय नियामकाकडे दाद मागता येते. या खात्याचं मासिक शुल्क जास्त असू शकतं, म्हणून आधी विद्यार्थी खातं मागावं. पण दार बंद झालं असं वाटेल तेव्हा हा कायदा खिशात असावा.

आणखी एक. मोबाइलवरच्या एखाद्या बँकेत झटकन खातं उघडलं आणि खातेक्रमांक लिथुआनियाचा किंवा बेल्जियमचा आला, तर कामावरचा मालक म्हणतो, ‘आम्हाला जर्मनच हवा.’ असं म्हणायची त्याला सोय नाही. युरो क्षेत्रात दुसऱ्या सदस्य देशाचा क्रमांक आहे म्हणून पैसे पाठवायला नकार देता येत नाही, असा युरोपचा २०१२ चा नियम आहे. मुलीने तो एका ओळीत मालकाला कळवावा आणि पगार घ्यावा.

कॅनडात ओळखपत्रं धड असतील तर नोकरी नाही किंवा भरायला पैसे नाहीत एवढ्या कारणावर बँकेला खातं नाकारता येत नाही. ब्रिटनमध्ये मोठ्या नेमून दिलेल्या बँकांवर मूलभूत खातं देण्याचं बंधन आहे, आणि विद्यापीठ बँकेच्या नावे पत्र देतं, ज्यावर तुमचा अभ्यासक्रम आणि पत्ता असतो. ते पत्र पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावं.

अमेरिकेत असा सरसकट हक्क नाही. तिथे नुकसान करतो तो एक गैरसमज: सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून खातं नाही. हा नंबर एफ-१ विद्यार्थ्याला काम मिळाल्यावरच काढता येतो, आणि काम मिळायला एखादं सत्रही जातं. तोवर काही मुलं घरून आलेले डॉलर मित्राच्या खात्यात ठेवतात आणि मैत्री, पैसा दोन्ही पणाला लावतात. वास्तविक ओळख पडताळणीच्या तिथल्या केंद्रीय नियमांत परदेशी नागरिकाचा पासपोर्ट क्रमांक चालतो. एखादी शाखा अडून बसते ती स्वतःच्या धोरणापायी. तिथे वाद घालण्यात दिवस घालवू नये. विद्यापीठाजवळची शाखा गाठावी. त्यांच्या दारात दर ऑगस्टमध्ये परदेशी मुलांची रांग असते आणि त्यांना कागद पाठ असतात.

नियम कागदावर असून भागत नाही, मागायला तोंड उघडावं लागतं. इथेच आपली शिकवण तोकडी पडते. बँकेचं काम ओळखीने होतं, हे आपण मुलांना लहानपणापासून दाखवलं. ‘जोशीकाकांना भेट, ते करून देतील.’ काउंटरपलीकडून ‘नाही’ आलं की मान खाली घालून परतायचं, हेही दाखवलं. परक्या देशात जोशीकाका नाहीत. तिथे मुलीचा फोन आला, की ‘बाबा, नाही म्हणाले हो ते,’ तर बाबांनी ‘अरेरे’ म्हणून सुस्कारा टाकू नये. म्हणावं, ‘असू दे. उद्या परत जा. कारण कागदावर द्या म्हणावं. तारीख आणि सही घेऊन ये.’ लेखी नकार द्यायची वेळ आली की पुष्कळदा समोरचा माणूस नियम पुन्हा वाचून पाहतो.

घरून निघण्यापूर्वीही तीन कामं आहेत. एक, इथल्या बँकेचा ओटीपी इथल्या सिमवर येतो. ते सिम आईच्या ड्रॉवरमध्ये राहिलं तर रात्री दोनला उठून आईला सहा आकडे वाचून दाखवावे लागतात. सिम सोबत न्यावं, रोमिंग चालू ठेवावं, रिचार्ज संपू देऊ नये. दोन, २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशात चालतं. परदेशातला वापर खातेदाराने स्वतः सुरू करायचा असतो. तो पुण्यातच सुरू करून घ्यावा. तीन, शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलन कायद्याखाली अनिवासी मानला जातो, हे रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणजे त्याचं इथलं साधं बचत खातं एनआरओ या अनिवासींच्या खात्यात बदलायला हवं. कित्येक घरांत हे ठाऊकच नाही. बँकेत जाऊन फॉर्म भरा.

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. खातं मिळवायला एवढी धडपड करावी लागते, म्हणून तयार खात्याला बाजारात भाव आहे. ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, थोडे तू ठेव, बाकीचे पुढे पाठव,’ असा निरोप येतो. कधी ‘अर्धवेळ नोकरी’ म्हणून येतो, कधी गावाकडच्या ओळखीतून. शिक्षण संपवून परतणाऱ्याला सांगतात, खातं बंद कशाला करतोस, कार्ड आणि पासवर्ड देऊन जा, चांगले पैसे मिळतील. हे पैसे लुबाडलेल्या माणसांचे असतात. पोलीस पोचतात ते खात्यावरच्या नावापर्यंत. खातं गोठतं, गुन्हा नोंदला जातो, व्हिसा धोक्यात येतो, पुढची सगळी दारं एकदम लागतात. आपल्याकडेही हेच चाललं आहे. अशी भाड्याची खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये ‘म्यूलहंटर’ ही यंत्रणा जाहीर केली. आपलं खातं सख्ख्या मित्रालाही वापरायला द्यायचं नाही. परत येताना बंद करून, बंद झाल्याचा कागद घेऊनच यायचं. याला अपवाद नाही.

इथवर वाचून परदेशातल्या बँकांना आणि घरमालकांना नावं ठेवणाऱ्या पुणेकराला एक प्रश्न. तुमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सुदानी, येमेनी किंवा अफगाण मुलाचं खातं कधी उघडलं?

परदेशी विद्यार्थ्याच्या हालांतूनच या शहरात एक मोठी संस्था उभी राहिली. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शां. ब. मुजुमदारांनी वसतिगृहात कावीळ झालेला मॉरिशसचा मुलगा पाहिला. त्याचं जेवण एक मुलगी खिडकीतून देत होती. त्या दृश्याने अस्वस्थ होऊन त्यांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू केली. पुण्याने हा वारसा भाषणापुरता ठेवू नये.

रिझर्व्ह बँकेचे नियम इथेही माणुसकीचे आहेत. परदेशी विद्यार्थ्याचं एनआरओ खातं पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि प्रवेशाचं पत्र यांवर उघडता येतं. स्थानिक पत्त्याचा पुरावा तीस दिवसांत द्यायचा. तोवर परदेशातून १,००० डॉलरपर्यंत रक्कम आणि खात्यावर एकूण ५०,००० रुपयांची मर्यादा, एवढंच बंधन. पाकिस्तानी विद्यार्थ्यांना मात्र आधी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. नियम इतका सरळ असताना मुलांना काउंटरवरून ‘आधी भाडेकरार आणा’ हे ऐकावं लागत असेल, तर तो अडाणीपणा बँकेने स्वतःच्या घरात दूर करावा.

धाराशिवहून किंवा नांदेडहून आलेल्या मुलाचं तरी वेगळं काय? आधारवर गावचा पत्ता, राहायला सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. आधार दिल्यावर सध्याचा पत्ता वेगळा असेल तर त्याबद्दल खातेदाराचं स्वतःचं घोषणापत्र चालतं, असं रिझर्व्ह बँकेचा नियम सांगतो. किमान शिल्लक न लागणारं मूलभूत बचत खातं २०१२ पासून सगळ्या बँकांत आहे. बँकेने ऐकलं नाही तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. ‘लेखी द्या’ हे वाक्य लक्ष्मी रस्त्यावरही तितकंच चालतं.

आणि घरमालक. लेकीला जर्मन मालक सही देत नाही म्हणून हळहळणारे कितीजण स्वतःच्या भाडेकरू मुलांचा करार नोंदवतात? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाडं रोख घ्यायचं, पावती द्यायची नाही, करार ‘बघू पुढच्या महिन्यात’, आणि आडनाव किंवा कातडीचा रंग पाहून खोलीच नाकारायची, हा सगळा व्यवहार त्या मुलाचं खातं, शिष्यवृत्ती आणि पोलिसांपुढची त्याची पत, तिन्ही बुडवतो. तो मुलगा कुणाचा तरी लेक आहे. त्याच्या आईनेही बॅग तीन-तीनदा तोलली होती.

करायचं ते कठीण नाही. महाविद्यालयांनी परदेशी जाणाऱ्या मुलांना एक दुपार खात्याबद्दल, पगाराबद्दल आणि भाड्याच्या खात्यांच्या सापळ्याबद्दल द्यावी. शिकवायला परतलेले माजी विद्यार्थी शहरात भरपूर आहेत. भाषेच्या वर्गात ‘मला खातं उघडायचं आहे’ आणि ‘नकार लेखी द्या’ ही दोन वाक्यं सत्र संपण्याआधी घोटून घ्यावीत. विद्यापीठ परिसरातल्या बँकशाखांनी परदेशी आणि परगावच्या विद्यार्थ्यांना कोणते कागद लागतात, त्याची पाटी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत दारावर लावावी.

आणि ज्यांच्या घरात भाडेकरू विद्यार्थी आहे, त्यांनी आज कपाटातून करार काढावा. नोंदवलेला नसेल तर याच आठवड्यात नोंदवावा आणि प्रत त्या मुलाच्या हातात द्यावी. आपल्या मुलांना जगाने दार उघडावं असं वाटत असेल, तर आधी आपली सही द्या.